आशेच्या दौडीमागील चौदा महिने

कर्करुग्णांच्या साहाय्यार्थ दौड भरविण्याची प्रथा आपल्या राज्यात आता महानगरांपुरती राहिलेली नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. आणि मुंबईच्या दौडीत तर सेवाभावी कार्यासाठी निधी जमविणे हे प्रारंभापासून एक प्रमुख अंग राहिले आहे. या शहरांचे पाहून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणीही शाळा, क्रीडामंडळे आणि ग्रामपंचायती असे उपक्रम हाती घेऊ लागल्या आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि, अशा उपक्रमांच्या पूर्वतयारीच्या सभांना जे उपस्थित राहिले असतील त्यांना हे मान्य व्हावे की, तेथे फलक, छापील सदरे, प्रमुख पाहुणे व अल्पोपाहार यांवर जितका ऊहापोह होतो त्याच्या दशांशही धावणाऱ्याच्या सरावावर होत नाही. धावणारा आदल्या आठवड्यात नवे बूट घेतो, दोन दिवस मैदानाला फेऱ्या मारतो आणि दौडीच्या दिवशी पोटरीला हात लावून रस्त्याच्या कडेला बसतो.

या दृष्टीने कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने १९७९-८० मध्ये केलेल्या तयारीचा अभ्यास उद्बोधक ठरतो. कर्करोगासाठी धावण्याची जी परंपरा आज अनेक देशांत रूढ आहे, तिला लोकचळवळीचे रूप प्रामुख्याने त्याच्या दौडीमुळे आले. त्याच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; त्याच्या सरावाविषयी त्यामानाने कमी. प्रस्तुत लेखात भर सरावावर आहे. त्याचे कोणते उदाहरण गिरवावे आणि कोणते गिरवू नये, हेही येथे स्पष्ट सांगणे अगत्याचे वाटते.

दुखऱ्या गुडघ्याची कथा

टेरी फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग येथे झाला आणि तो ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावी वाढला. सायमन फ्रेझर विद्यापीठात तो शरीरचलनशास्त्र शिकत होता व बास्केटबॉलच्या संघात खेळत होता. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि उजवा गुडघा दुखू लागला. ही दुखापत अपघाताची असावी या समजुतीने त्याने ती अंगावर काढली. खेळाचा हंगाम संपेपर्यंत डॉक्टरकडे गेला नाही. मार्च १९७७ मध्ये वेदना असह्य झाल्यावर तपासणी झाली, तेव्हा हाडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. उजवा पाय गुडघ्याच्या वर सुमारे पंधरा सेंटिमीटरवर कापावा लागला. त्याचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते.

शिक्षक वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ऑस्टिओसार्कोमा या नावाने ओळखला जाणारा हा रोग विरळा आहे. परंतु तो बहुधा उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, आणि पुष्कळदा गुडघ्याच्या आसपास उद्भवतो. मैदानावरच्या मुलाचा गुडघा दुखणे ही नित्याची बाब असल्यामुळे तो लक्षात येत नाही. विश्रांती घेऊनही आठवडे उलटले तरी न थांबणारे, रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे अथवा एकाच ठिकाणी वाढत जाणारी सूज दिसली, तर तेल चोळून व पट्टी बांधून वेळ न दवडता क्ष-किरण तपासणी करवून घ्यावी. आज या रोगाच्या बहुतेक रुग्णांचा पाय शस्त्रक्रियेने वाचविता येतो. मात्र रोग लवकर हाती लागावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर टेरीवर सुमारे सोळा महिने रासायनिक औषधोपचार झाले. जगण्याची शक्यता निम्मी आहे, असे त्याला सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा इतकीच असती, हेही सांगण्यात आले. मधल्या काळात संशोधन झाले होते, त्याचाच हा लाभ होता. स्वतःच्या आयुष्यातील हा हिशेब त्याच्या मनात पक्का बसला. उपचारांच्या काळात रुग्णालयात सोबतची मुले खंगताना व काही दगावताना त्याने पाहिली होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनडाच्या कर्करोग संस्थेला पत्र लिहून साहाय्य मागितले, त्यात त्या मुलांचे चेहरे आपल्याला स्वस्थ बसू देत नाहीत, अशा आशयाचा मजकूर आहे. धावून जमणारा पैसा संशोधनासाठीच जावा, हा त्याचा आग्रह या अनुभवातून आलेला होता.

अंधारातील फेऱ्या

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या पूर्वीच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिले होते. कृत्रिम पायावर १९७६ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्यावरील लेख त्यात होता. धावण्याची कल्पना तेव्हाची असली तरी टेरीने लगेच धाव घेतली नाही. प्रथम तो चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉल खेळू लागला; उपचार चालू असतानाच त्याने खांदे, दंड व छाती बळकट केली. चौदा महिन्यांच्या सरावाविषयी बोलताना ही पायाभरणी बहुधा विसरली जाते.

प्रत्यक्ष धावण्याचा सराव फेब्रुवारी १९७९ मध्ये सुरू झाला. आपली लंगडी धाव कोणी पाहू नये म्हणून प्रारंभी तो अंधारात धावत असे. सलग मैलभर जाणेही त्या दिवसांत कठीण होते. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी घडविलेला होता, धावण्यासाठी नव्हे. प्रत्येक पावलानंतर त्यातील कमान पूर्ववत होण्यास वेळ लागे. म्हणून डाव्या, धडधाकट पायावर दोनदा टेकायचे आणि मग उजवा पाय टाकायचा, अशी एक उडती चाल त्याने बसविली. म्हणजे एका पायाला दुप्पट काम. मांडीचा उरलेला खुंट कृत्रिम पायाच्या वाटीत घासून रक्ताळे, फोड येत, नखे गळत. प्रत्येक धावेत सुमारे वीस मिनिटांनंतर वेदना बधिर होऊन पुढचे अंतर सोपे जाते, असे त्याने नमूद केले आहे.

अंतर मात्र त्याने थोडे थोडे करूनच वाढविले. सराव सुरू होऊन सुमारे सहा महिने झाल्यावर, १९७९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, प्रिन्स जॉर्ज या गावी सुमारे २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो उतरला आणि सर्वांच्या शेवटी पोहोचला. शेवटून दुसऱ्या धावकापेक्षाही त्याला दहा मिनिटे अधिक लागली. त्यानंतरच त्याने घरी आपला खरा बेत सांगितला. कॅनडाच्या एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत, प्रतिदिनी मॅरेथॉनइतके म्हणजे सुमारे ४२ किलोमीटर धावायचे, असा तो बेत होता. हिवाळ्यापर्यंत तो दररोज ३७ किलोमीटरपर्यंत येऊन पोहोचला. एकदा सरावात कृत्रिम पायाचा खालचा भाग मोडून दोन तुकडे झाले. ते घेऊन तो वाटेतल्या वाहनाने घरी आला, तुकडे आवळून बसविले व उरलेले आठ किलोमीटर पुरे केले. सलग १०१ दिवस धावल्यानंतर नाताळच्या दिवशी त्याने सुटी घेतली, तीही आईच्या आग्रहाखातर. दौड सुरू होण्यापूर्वी त्याचे सरावाचे अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक झाले होते. प्रत्यक्ष दौडीत तो ५,३७३ किलोमीटर धावला, म्हणजे दौडीइतकेच अंतर त्याने आधी सरावात कापले होते.

कर्करोग संस्थेनेही त्याची मागणी तशीच मान्य केली नाही. हृदयतज्ज्ञाचे प्रमाणपत्र आणि स्वतः मिळविलेले प्रायोजक, अशा अटी घातल्या. तपासणीत हृदयाचा एक कप्पा जाड झाल्याचे आढळले. कसून व्यायाम करणाऱ्यांत ही अवस्था दिसते. त्रासाचे चिन्ह दिसताच थांबण्याच्या बोलीवर अनुमती मिळाली. आयोजक संस्थेने उत्साही माणसाला असे दोन प्रश्न विचारणे हे त्याच्या हिताचेच असते.

एकशे त्रेचाळीस दिवस

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून त्याने दौड आरंभिली. सोबत डग अल्वर्ड हा मित्र गाडी घेऊन होता. तो मैलभर पुढे जाऊन पाणी घेऊन थांबे. टेरी तेथवर येई. गाडी पुन्हा मैलभर पुढे जाई. हजारो किलोमीटरचे अंतर एकेका मैलाच्या तुकड्यांत पाडण्याची ही साधी युक्ती होती. आरंभी बर्फ, पाऊस व वारा यांचा मारा झाला. क्वेबेक प्रांतात फारसे कोणी ओळखले नाही व वर्गणीही जेमतेम जमली.

मात्र त्याआधीच न्यूफाउंडलंडच्या दुसऱ्या टोकाच्या पोर्ट-ओ-बास्क या गावाने एक गोष्ट करून दाखविली होती. सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या गावाने दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम हाती ठेवली. यातून दरडोई एक डॉलर ही कल्पना पुढे आली. मूळ उद्दिष्ट दहा लाख डॉलरांचे होते, ते बदलून देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर असे ठरले. पंचायत सदस्यांना या हिशेबाचे मर्म सांगायला नको. गावकीच्या कामाला घरटी वर्गणी काढणाऱ्या आपल्या गावांना तो परका नाही. मोठ्या देणगीदाराकडे जाण्याआधी प्रत्येकाला परवडेल असा आकडा ठरविला, की गाव त्या कामाला आपले म्हणू लागते. जुलै महिन्यात टोरांटो येथे दहा हजारांचा जमाव त्याच्या स्वागताला लोटला. एका हॉटेल व्यवसायाचे प्रमुख इसाडोर शार्प यांचा मुलगा कर्करोगाने गेला होता; त्यांनी दहा हजार डॉलर देऊन इतर ९९९ व्यवसायसंस्थांनाही तेवढेच देण्याचे आवाहन केले. स्वतः टेरीने मात्र कोणत्याही मालाची जाहिरात करण्याचे नाकारले.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ खोकला व छातीतील वेदना यांमुळे त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. त्यानंतर एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून एक कोटी पाच लाख डॉलर जमले आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलरांवर गेला. कॅनडाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे २ कोटी ४१ लाख होती. २८ जून १९८१ रोजी टेरीचे निधन झाले. त्याच वर्षीच्या १३ सप्टेंबरला त्याच्या नावाची पहिली दौड झाली, तीत तीन लाख लोक होते. या दौडीत क्रमांक नाही, पारितोषिक नाही, प्रवेशासाठी वेगाची अट नाही. कोणी चालावे, कोणी सायकलवर यावे. पुढे अनेक देशांत, मुंबईतही, अशा दौडी झाल्या आणि आजवर ८० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम संशोधनासाठी उभी राहिली.

कोणती वेदना सोसावी

आता कटू वाटले तरी सांगितले पाहिजे असे. दौडीच्या काळात घोट्याची कंडरा सुजली, नडगी दुखू लागली, खुंटावर गाठी आल्या, भोवळ येऊ लागली. तरीही टेरीने नियमित वैद्यकीय तपासणीकडे पाठ फिरविली. एका असामान्य माणसाने, आपल्यापाशी वेळ थोडा असू शकतो हे जाणून, स्वतःपुरता घेतलेला तो निर्णय होता. शाळेतील मुलांना अथवा पन्नाशीच्या ग्रामसेवकाला तो आदर्श म्हणून सांगणे धोक्याचे आहे. त्याची चौदा महिन्यांची चिकाटी घ्यावी. आठवड्याला एकही सुटी न घेणे घेऊ नये.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. नियमित सरावाने हृदय, फुप्फुसे व स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. हाडे, सांधे आणि कंडरा यांना मात्र महिने लागतात. म्हणजे दम वाढलेला असतो, पण नडगीचे हाड त्या श्रमाला अद्याप तयार नसते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होणाऱ्या दुखापती बहुधा या तफावतीतून होतात. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर जीव तोडून धावणारी मुले आपण गावोगाव पाहतो. १६०० मीटरच्या वेगवान चाचणीसाठीची ती पद्धत २१ किंवा ४२ किलोमीटरसाठी उपयोगाची नाही. लांब दौडीचा बराचसा सराव संथ असावा लागतो. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग योग्य. धाप लागून शब्द तुटत असतील तर तो अधिक.

ज्याने कधी धाव घेतलेली नाही, अशा प्रौढाने २१ किलोमीटरसाठी किमान पाच महिने हाती ठेवावेत. पहिला महिना आठवड्यातून चार दिवस अर्धा तास झपाझप चालणे व मध्ये मध्ये मिनिट-दोन मिनिटे धावणे, एवढेच. दुसऱ्या महिन्यात धावण्याचा वाटा वाढवावा. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस लांब पल्ल्याचा ठेवावा व एकूण अंतर आठवड्याला सुमारे दशांशाने वाढवीत जावे. दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे, कारण शरीराची डागडुजी विश्रांतीतच होते. दौडीपूर्वीचे शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणावा. या काळात बहुतेकांना चुकल्याचुकल्यासारखे होते आणि कोणी तरी शेवटच्या शनिवारी पुरे अंतर धावून पाहतोच! तसे होऊ देऊ नये. शाळेचे मैदान, गायरान किंवा कच्ची शेतवाट ही डांबरी रस्त्यापेक्षा पायांना सुखावह. बूट महाग असण्यापेक्षा पायाला रुळलेले असणे महत्त्वाचे.

मांडी किंवा पोटरी दोन्ही बाजूंना सारखी दुखत असेल, दोन दिवसांत ओसरत असेल, तर ती सरावाची वेदना, ती सोसावी. हाडावर एका बोटाने दाखविता येईल असे दुखणे, चाल बदलायला लावणारे दुखणे, सूज असलेले दुखणे सोसू नये. छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, भोवळ, अवेळी धडधड यांपैकी काहीही झाल्यास तेथेच थांबून डॉक्टर गाठावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

विदर्भ, मराठवाडा व खानदेशात फेब्रुवारीअखेरपासून ऊन तापू लागते. दौड त्यापूर्वी ठेवावी आणि सूर्योदयाबरोबर सोडावी. दर दोन-अडीच किलोमीटरवर पाणी, तसेच मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा जलसंजीवनी असावी. येथे एक सावधगिरी हवी : तासन्‌तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तहानेइतकेच प्यावे. धावणारा असंबद्ध बोलू लागला, तर तो दमला असे समजून पंख्याखाली बसवू नये. उष्माघात मानून अंगावर थंड पाणी ओतावे व तत्काळ रुग्णालयात न्यावे.

रुग्ण स्वतः

दौड रुग्णांसाठी, मग रुग्ण व्यासपीठावर बसून पाहणार काय? तसे असण्याचे कारण नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियातील, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रिया व औषधोपचार आटोपल्यावर ज्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम देण्यात आला, त्यांच्यापैकी आठ वर्षांनंतर शंभरात ९० हयात होते. केवळ आरोग्यपुस्तिका दिलेल्यांत ८३. व्यायाम फार मोठा नव्हता. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपाझप चालण्याइतका. हा निष्कर्ष एका प्रकारच्या कर्करोगापुरता आहे आणि उपचारांची जागा व्यायाम घेत नाही. परंतु डॉक्टरांची अनुमती असलेल्या रुग्णांसाठी दोन-तीन किलोमीटर चालण्याचा टप्पा प्रत्येक दौडीत असावा, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

निधी कशासाठी, हेही आधी ठरवावे. टेरीचा पैसा संशोधनासाठी होता. तालुक्याच्या दौडीतून जमणारी रक्कम त्या कामाला अपुरी पडेल. पण तिच्यासाठी जवळचे काम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णांच्या उपचारांचा मोठा भार उचलला जातो. तरीही परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गडचिरोलीहून किंवा नांदेडहून आलेल्या कुटुंबाला प्रवास, मुक्काम, सोबत्याचे जेवण व बुडालेली मजुरी यांचा खर्च सोसावाच लागतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांनी अशा कित्येक कुटुंबांना आसरा दिला आहे. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, अनेक आठवडे चालतात. मुक्कामाची सोय नसली की रुग्ण मध्येच गावी परततो आणि झालेला उपचारही वाया जातो. तालुक्यातील दहा रुग्णांच्या सहा आठवड्यांच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च, असे उद्दिष्ट जाहीर करावे आणि गावाच्या लोकसंख्येने भागून घरटी आकडा काढावा.

वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाकडून नियम समजून घ्यावेत, रकमेचे बँक खाते वेगळे ठेवावे आणि मंडप-सदऱ्यांचा खर्च देणगीतून न भागविता प्रायोजकांकडून भागवावा. जमा-खर्चाचा तक्ता दौडीनंतर महिन्याभरात पंचायतीच्या फलकावर लावावा. रुग्णांची नावे मात्र त्यावर लिहू नयेत. फेब्रुवारीपूर्वी दौड घ्यावयाची असेल, तर सरावाचा पहिला दिवस ऑगस्टमध्ये येतो. त्या वेळी पाऊस असतो, म्हणून चालण्याच्या सरावासाठी शाळेचा व्हरांडा उघडा ठेवण्याबाबत मुख्याध्यापकांशी जुलैमध्येच बोलून घ्यावे.